गोठलेल्या चंद्रांची ऊब

१६ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात एक छोटा लेख आला. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातले फ्रेड विटबॉर्न आणि त्यांचे सहकारी वर्षभरापूर्वी गुरूच्या आयो या चंद्राचे अवरक्त किरण मोजत होते. पाच मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीत आयो एकाएकी तिप्पट ते पाचपट उजळलेला दिसला. साडेपाच तास आधी तसे काही नव्हते आणि वीस तासांनंतर काही उरलेही नव्हते. आयोवर पडणारा सूर्यप्रकाश सगळाच्या सगळा परत फिरला असता तरी एवढी चमक येणार नव्हती. म्हणजे तो चंद्र स्वतःच काहीतरी बाहेर टाकत होता. लेखकांनी निरनिराळी कारणे तपासून पाहिली आणि त्यांतले नेमके कोणते हे सांगता येत नाही, असे लिहून ते थांबले.

दोनच आठवड्यांनी, २ मार्चच्या अंकात, त्याच साप्ताहिकात आयोवरच दुसरा लेख आला. सांता बार्बराचे स्टॅन्टन पील आणि विटबॉर्न यांच्याच एम्स केंद्रातले पॅट्रिक कॅसन व रे रेनल्ड्स हे त्याचे लेखक. त्यांनी दुर्बिणीला हात लावला नव्हता. त्यांचे सगळे काम कागदावरच्या गणिताचे होते. आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, युरोपा या पुढच्या चंद्राची फेरी त्याच्या दुप्पट वेळेची, त्यापुढच्या गॅनिमीडची चौपट. या बांधीव तालामुळे आयोची कक्षा कधीच नीट वर्तुळाकार होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी थोडा जवळ, कधी थोडा दूर जातो. प्रत्येक फेरीत गुरूचे गुरुत्वाकर्षण त्याला ताणते आणि सैल सोडते. या घुसळणीतून आतला खडक वितळेल इतकी उष्णता निघायला हवी आणि पृष्ठभागावर ज्वालामुखी सापडायला हवेत, असे त्यांनी लिहिले.

एका केंद्रात कोणी चमक मोजली होती आणि त्याच केंद्रात कोणी तिचे कारण मांडत होते. पण त्या दोन लेखांची गाठ पडायला एक अंतराळयान लागले. ते तीनच दिवसांच्या अंतरावर होते.

५ मार्च १९७९ ला व्हॉयेजर-१ आयोपासून सुमारे एकवीस हजार किलोमीटरवरून गेले. पिवळा, नारिंगी, काळ्या डागांचा, उल्काघातांची एकही खळगी नसलेला चंद्र कॅमेऱ्यांनी दाखवला. खळगी नाही, म्हणजे पृष्ठभाग कोवळा आहे, सतत झाकला जातो आहे, एवढे भूशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. तरीही चालू उद्रेक कोणी पाहिला नव्हता. तो पाहिला लिंडा मोराबिटो या पंचवीस वर्षांच्या तरुणीने, आणि ती भूशास्त्रज्ञ नव्हती. कॅलिफोर्नियातल्या पासाडिना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, ती यानाच्या मार्गनिश्चितीचे काम करी. यान पुढे निघून गेल्यावर त्याने मागे वळून घेतलेले आयोचे एक छायाचित्र तिच्यापुढे होते. मागचे अंधूक तारे टिपता यावेत म्हणून त्यात चंद्र मुद्दाम जास्त उजळ येऊ दिला होता. ९ मार्चला तिने चित्राचा उजळपणा वाढवला, तेव्हा आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा एक ढग उभा राहिला. त्याची उंची अडीचशे किलोमीटरहून अधिक. आयोमागून डोकावणारा दुसरा चंद्र, कॅमेऱ्यातला दोष, अशा शंका एकेक करून बाद झाल्या. हवाई बेटांच्या अग्निदेवतेवरून पुढे त्या ज्वालामुखीला पेले हे नाव मिळाले.

ही गोष्ट अनेक पुस्तकांत आहे आणि ती असायलाच हवी. मात्र त्याच दिवसांत, त्याच यानावरच्या दुसऱ्या एका उपकरणातून एक आकडा बाहेर पडला होता. त्याचे चित्र नसल्यामुळे तो फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

त्या उपकरणाचे नाव आयरिस. अवरक्त वर्णपट मोजणारे हे यंत्र मेरीलँडमधल्या गॉडर्ड अंतराळ केंद्रात रुडॉल्फ हॅनेल यांच्या हाताखाली घडले. हॅनेल मूळचे ऑस्ट्रियाचे. आयरिसचा वंश हवामानखात्याच्या बाजूचा: त्याचा पूर्वज १९६९ साली निंबस-३ या हवामान उपग्रहावर पृथ्वीच्या वातावरणाचे तापमान मोजत होता आणि १९७१ मध्ये मरिनर-९ वरून मंगळावर गेला होता. गुरूकडे निघालेल्या आवृत्तीला अर्ध्या मीटरची दुर्बीण होती. आत आलेला किरण दोन वाटांनी फोडायचा, एका वाटेवरचा आरसा हळूहळू सरकवायचा, दोन्ही किरण पुन्हा एकत्र आणून त्यांची चढउतार नोंदवायची आणि गणिताने त्यातून वर्णपट उलगडायचा, अशी त्याची रीत. एका मोजणीला पाऊण मिनिट लागे. नजरेचा घेर आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा. त्या घेरातल्या सगळ्या मुलखाचा मिळून एकच वर्णपट हाती येई. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापावे असे त्यात काही नसे.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे, तापमापी ठेवला आणि तो चढला. तव्याला लाली येण्याआधीच जवळ नेलेल्या हाताला तो तापल्याचे कळते, ते याच अवरक्त किरणांमुळे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे ते सोडत असते. वस्तू जितकी थंड, तितकी त्यांची तरंगलांबी मोठी. शून्याखाली पावणेदोनशे अंशांवर गोठलेला चंद्रही तीस मायक्रॉनच्या आसपास ‘चमकत’ असतो. छायाचित्रात चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाश असतो. लांब अवरक्त किरणांत चंद्राची स्वतःची उष्णता असते, आणि ती रात्रीच्या बाजूलाही मोजता येते. अडचण एकच, पण मोठी: उपकरण स्वतःही वस्तूच असल्याने तेही हेच किरण सोडते. म्हणून ते थंड ठेवावे लागते. बऱ्याचशा यानांवर यासाठी विजेवर चालणारे शीतयंत्रही नसते. एक पत्रा सूर्याकडे पाठ करून काळ्या आकाशाकडे उघडा ठेवतात आणि उपकरणाची उष्णता त्यातून निघून जाते.

हॅनेल यांचे सहकारी जॉन पर्ल यांनी आयोचे वर्णपट पाहिले तेव्हा एका जागी वक्र नको तिथे वर चढलेला होता. लोकी नावाच्या ज्वालामुखीजवळ सुमारे १७ अंश सेल्सियस तापमान निघाले. भोवतालचा मुलूख होता उणे १४६ अंशांवर. पुण्यातल्या हिवाळ्याच्या सकाळीइतका उबदार पट्टा, सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपट लांब. त्याच वर्णपटात सल्फर डायऑक्साइड वायूची खूणही पर्ल यांना सापडली. छत्रीसारख्या ढगावर वाद घालता आला असता. तो वाफेचा आहे, धुळीचा आहे, आतून आला की आदळण्यातून उडाला, असे प्रश्न काढता आले असते. तापमानावर असा वाद होत नाही. मोराबिटोच्या छायाचित्राला कीर्ती मिळाली ती रास्तच, पण आयो आतून तापलेला आहे हे सिद्ध करण्याचे श्रेय या ओबडधोबड आलेखाला द्यावे लागेल. विटबॉर्न यांच्या १९७८ च्या चमकेचाही उलगडा आता झाला. त्यांनी दुरून एक उद्रेक पाहिला होता.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८० मध्ये, व्हॉयेजर-१ शनीच्या टायटनजवळून गेले आणि तिथे तर कॅमेरे निरुपयोगीच ठरले. सगळ्या छायाचित्रांत नारिंगी धुक्याचा गुळगुळीत चेंडू. आयरिसने मात्र त्या धुक्यातले रेणू ओळखले: हायड्रोजन सायनाइड, प्रोपेन, सायनोॲसिटिलीन. टायटनवर परत जायचे, ही ओढ त्या यादीने लावली.

परत जाण्याआधी गुरूची पाळी होती, आणि ती रडतखडत आली. गॅलिलिओ यान १८ ऑक्टोबर १९८९ ला निघाले. एप्रिल १९९१ मध्ये त्याचा छत्रीसारखा मुख्य अँटेना उघडेचना. उरला एक छोटा अँटेना. सुरुवातीला त्यातून सेकंदाला मोजून दहा-सोळा बिट माहिती येणार होती. संगणकाच्या आज्ञावली नव्याने लिहून, माहिती दाबून बसवून हा वेग शेकड्यावर नेला गेला. यानावरच्या निम्स या जवळच्या अवरक्त पट्ट्यातल्या उपकरणाला हा मोठा फटका होता, कारण ते दर ठिपक्यामागे चारशेपर्यंत तरंगलांब्या नोंदवणारे होते. रॉबर्ट कार्लसन यांच्या संघाला प्रत्येक भेटीआधी काय मोजायचे याहून काय सोडून द्यायचे हे ठरवावे लागे.

तरीही ७ डिसेंबर १९९५ ला गुरूपाशी पोहोचल्यापासून निम्सने आयोची जी मोजदाद केली, तिच्यापुढे व्हॉयेजरची यादी फिकी पडली. मूळच्या ब्राझीलच्या रोझाली लोपेस यांनी निम्सच्या नोंदींतून आयोवरचे ७१ जागृत ज्वालामुखी शोधले, आणि त्यासाठी गिनेस बुकात त्यांचे नाव लागले. त्यापेक्षा मोलाचा होता एका जुन्या वादाचा निकाल. आयोवर वाहते ते काय, वितळलेले गंधक की वितळलेला खडक? पिवळा रंग पाहून अनेकांचा कौल गंधकाकडे होता. व्हॉयेजरने मोजलेले तापमानही गंधकाला चालण्यासारखे होते. १९८६ मध्ये पृथ्वीवरून एका उद्रेकात ९०० केल्विन मोजले गेले आणि गंधकाची बाजू लंगडी झाली. १९९७ च्या उन्हाळ्यात पिलान हा ज्वालामुखी फुटला. चारशे किलोमीटर रुंदीचा काळा डाग पेलेच्या तांबड्या कड्यावर पडला, आणि लाव्हाचे तापमान निघाले १६०० केल्विनच्या घरात. एवढ्या तापमानाला गंधक टिकत नाही, ते कधीच उकळून उडून जाते. लाव्हा खडकाचा होता. पृथ्वीवर आज बाहेर पडणाऱ्या लाव्हांहूनही तो तप्त होता.

युरोपावर मात्र निम्सने वाद मिटवला नाही, लावून दिला. तिथल्या तांबूस रेघांवर पाण्याच्या बर्फाच्या वर्णपटातल्या खुणा वाकड्या दिसत होत्या. टॉम मॅककॉर्ड यांच्या गटाने १९९८ मध्ये हे पाणी धरून ठेवणारे क्षार असल्याचे सांगितले. खालच्या समुद्रातून ते वर आले असतील तर केवढी बातमी! पुढच्याच वर्षी खुद्द कार्लसन यांनी हा सल्फ्युरिक ॲसिड धरून ठेवलेला बर्फ असल्याचे मांडले. आयोवरून उडालेले गंधक आणि गुरूचे किरणोत्सारी पट्टे मिळून तो वरच्या वर तयार करतात, समुद्राची त्यासाठी गरज नाही. दोघांच्या हाती उपकरण एकच आणि वर्णपटही तेच. या तपशिलावर मतभेद अजून आहेत, आणि वर्णपटाची भाषा किती निसरडी असते हे त्यातून कळते.

त्याच किरणोत्सारी पट्ट्यांनी निम्सचे डिटेक्टर एकेक करून मारले. १९९९ मध्ये आयोजवळ त्यातली तरंगलांब्या बदलणारी जाळी अडकून बसली. मग थोड्याच ठरावीक तरंगलांब्यांत मोजायचे. वर्णपट गेला, पण तप्त जागांचे नकाशे तेवढ्यावरही उत्तम निघाले.

शनीकडे निघालेल्या कॅसिनीवर असली दोन उपकरणे होती. विम्स जवळच्या अवरक्तात प्रतिमा घेई, तर सर्स हा हॅनेल यांच्याच गॉडर्ड परंपरेतला वारस लांबच्या अवरक्तात उष्णता मोजी. १ जुलै २००४ ला कॅसिनी शनीभोवती फिरू लागले. टायटन हे त्याचे मोठे लक्ष्य. एन्सेलॅडस हा पाचशे किलोमीटर व्यासाचा चंद्र यादीत खूप खाली होता. तो सूर्यप्रकाश जवळजवळ सगळा परत फेकतो. म्हणून तो सूर्यमालेतल्या सर्वांत पांढऱ्या आणि थंड चंद्रांपैकी एक. एवढासा गोळा आतून कधीच निवला असणार, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

२००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅसिनीच्या चुंबकमापकाला शनीचे क्षेत्र एन्सेलॅडसभोवती वाकलेले दिसले. मिशेल डॉहर्टी यांच्या संघाने आग्रह धरला की जुलैची भेट अधिक जवळून व्हावी. हजार किलोमीटरचे ठरलेले अंतर पावणेदोनशेपर्यंत खाली आणले गेले. १४ जुलैला यान गेले आणि सर्सने तापमानाचा नकाशा काढला. विषुववृत्ताशी ऊन सर्वांत जास्त, तिथे चंद्र सर्वांत गरम आणि ध्रुवाकडे थंड होत जाणारा, असा तो असायला हवा होता. दक्षिण ध्रुवावर ७० केल्विनच्या आसपास अपेक्षा होती. नकाशात ध्रुवाचा मुलूख सरासरी ८५ केल्विन निघाला, काही जागा ११० च्याही वर. त्या जागा कॅमेऱ्याने टिपलेल्या चार लांब भेगांवर नेमक्या बसत होत्या.

या भेगांना शास्त्रज्ञ वाघाचे पट्टे म्हणू लागले होते. एन्सेलॅडसवरची नावे अरेबियन नाइट्समधून घेण्याचा प्रघात असल्याने त्यांची अधिकृत नावे बगदाद, दमास्कस, कैरो आणि अलेक्झांड्रिया. प्रत्येकी सुमारे १३० किलोमीटर लांब. जॉन स्पेन्सर आणि सर्सच्या संघाने हिशेब मांडला, तेव्हा त्या मुलखातून सुमारे ५.८ गिगावॅट उष्णता निघत असल्याचे दिसले. नोव्हेंबरात कॅमेऱ्यांनी त्याच भेगांतून अवकाशात उडणारी बर्फकणांची कारंजी टिपली आणि ती जगभर छापली गेली. आयोवर चित्र आधी आले होते आणि तापमान मागून. इथे तापमान पुढे होते, पण प्रसिद्धी पुन्हा चित्रालाच मिळाली.

खरी कसोटी नंतरची. ऑगस्ट २००९ मध्ये शनीवर विषुवदिन झाला आणि एन्सेलॅडसचा दक्षिण ध्रुव अनेक वर्षांच्या रात्रीत गेला. सर्सच्या दृष्टीने ही सोय झाली, कारण सूर्याची उष्णता वजा करण्याची कटकट संपली. पण २०११ मध्ये ज्या आकड्याने सगळ्यांना बुचकळ्यात टाकले, तो त्याआधीच्या, २००८ मधल्या नोंदींतून निघाला होता: १५.८ गिगावॅट. शनीच्या ओढाताणीतून दीर्घकाळात जेमतेम १.१ गिगावॅट मिळावी, असा तोवरचा सिद्धांत होता. सिद्धांतवाल्यांना शनीच्या पोटातले घर्षणच नव्याने मोजायला बसावे लागले. १५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी शनीत जळून गेले, तरी हा हिशेब थांबला नाही. जॉर्जिना माइल्स आणि सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुवाच्या २००५ च्या हिवाळ्यातल्या आणि २०१५ च्या उन्हाळ्यातल्या जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या, आणि शांत मानलेला तो ध्रुवही अपेक्षेपेक्षा सुमारे ७ केल्विनने उबदार असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. सगळी मिळून गळती सुमारे ५४ गिगावॅट. नव्या गणिताप्रमाणे शनीकडून मिळकतही जवळपास तेवढीच आहे. जमाखर्च जुळत असेल तर आतला समुद्र फार मोठा काळ द्रवरूप राहिलेला असू शकतो.

आपल्या स्वतःच्या चंद्राचीही या इतिहासात एक शाखा आहे, आणि ती भारताच्या यानावर फुटली. २२ ऑक्टोबर २००८ ला निघालेल्या चांद्रयान-१ वर ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स यांचे मून मिनरॉलॉजी मॅपर हे अमेरिकी उपकरण होते. ते तीन मायक्रॉनपर्यंत पाही. नेमक्या त्याच टोकाला, २.८ ते ३ मायक्रॉनदरम्यान, पाणी आणि हायड्रॉक्सिलची खूण उमटते, आणि ती उमटली. संघाचा पहिला संशय स्वतःच्या उपकरणावर गेला, कारण अपोलोने आणलेले खडक कोरडे ठरले होते. मग दोन साक्षीदार काढण्यात आले. कॅसिनी शनीकडे जाताना ऑगस्ट १९९९ मध्ये पृथ्वीजवळून गेले, तेव्हा विम्सने चंद्र पाहिला होता. ती दहा वर्षे जुनी नोंद रॉजर क्लार्क यांनी उकलली. जेसिका सनशाइन यांनी जून २००९ मध्ये डीप इम्पॅक्ट यानाकडून चंद्र मोजून घेतला. तिघांचे लेख २४ सप्टेंबर २००९ ला एकत्र आले. चांद्रयान-१ त्याआधीच, ऑगस्टअखेरीस, कायमचे मुके झाले होते. तीन मायक्रॉनशी तापलेला चंद्र स्वतःही किरण सोडू लागतो आणि खूण गढूळ होते. म्हणून अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने चांद्रयान-२ साठी बनवलेले उपकरण पाच मायक्रॉनपर्यंत पाहते. चंद्रावर उतरणाऱ्या विक्रम या लँडरच्या बातम्यांत ते झाकले गेले, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या भागावरचे काम चालू राहिले.

गुरूभोवती पुढे जूनो हे यान फिरू लागले. त्यावरचे इटलीचे जिराम उपकरण चंद्रांसाठी बनलेलेच नाही. गुरूचे ध्रुवीय प्रकाश आणि वातावरण हे त्याचे काम. यान मिनिटाला दोन गिरक्या घेते, म्हणून जिरामचा एक आरसा उलट फिरून नजर स्थिर ठेवतो. या पाहुण्या उपकरणाने डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोला दीड हजार किलोमीटरवरून पाहिले. लाव्हाच्या तळ्यांवर मध्ये निवलेली साय आणि कडेला तापलेले कडे असते, हे अलेसांद्रो मुरा यांच्या संघाला जिरामच्या नोंदींतून दिसले. २७ डिसेंबर २०२४ ला आयोच्या दक्षिणेला एक लाख चौरस किलोमीटरचा तप्त टापू दिसला. संघाच्या अंदाजाने त्यातून ८० लाख कोटी वॅटहून अधिक उष्णता निघत होती. १९७८ मध्ये विटबॉर्न ज्या पट्ट्यात पाहत होते, जिरामचा पट्टाही साधारण तोच.

आता पाळी युरोपाची. तिथे समुद्र आहे यावर बहुतेकांचे एकमत आहे, पण बर्फावर एकही उबदार जागा निर्विवादपणे सापडलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेल्या युरोपा क्लिपरवरचा ई-थेमिस हा उष्णता पाहणारा कॅमेरा तीच शोधणार आहे. १ मार्च २०२५ ला यान मंगळाजवळून गेले, तेव्हा तापमान आधीच माहीत असलेल्या मंगळावर त्याची पारख करून घेण्यात आली. युरोपावर तो काही सापडवो न सापडवो, तिथल्या उष्णतेचा पहिला सविस्तर नकाशा त्याच्याच नावावर लागेल. क्लिपर एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे, तर युरोपीय अंतराळ संस्थेचे ज्यूस जुलै २०३१ मध्ये.